वाघूरच्या दरीतील गावे आणि अजिंठ्याचा अपुरा इतिहास

डोंगर फोडून वाट काढणाऱ्या नदीने कोरलेली अरुंद दरी, तिच्या माथ्यावर किंवा तोंडाशी वसलेले थोड्या उंबऱ्यांचे गाव, आणि दरीचे पाणी, चारा व लाकूड यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला त्या गावाचा निर्वाह, अशी वस्तीची रचना जगात अनेक डोंगराळ प्रदेशांत आढळते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील मुलखात अशा दरीला ‘ग्लेन’ म्हणतात आणि तेथील लहान गावांचा इतिहास हा आता अभ्यासाचा स्वतंत्र व सन्मान्य विषय झाला आहे. मराठवाड्यात या रचनेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरातील वाघूर नदीची दरी होय. या दरीतील लेण्यांविषयी गेल्या दोनशे वर्षांत विपुल लेखन झाले आहे. परंतु दरीच्या माथ्यावरचे लेणापूर, तिच्या तोंडाबाहेरचे फर्दापूर आणि वरच्या अंगाचे अजिंठा हे गाव, या तीन वस्त्यांकडे त्या लेखनात मुक्कामाची ठिकाणे किंवा नकाशावरच्या खुणा यांपलीकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही गावे आहेत. लेणी घडली त्या काळापासून आजपर्यंत या दरीत जे सातत्य टिकले ते शेतकरी, गुराखी आणि कारागीर यांच्या वस्तीचे होते, आणि त्या वस्तीला वगळून लिहिलेला अजिंठ्याचा इतिहास अपुरा राहतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रथम भूगोल पाहणे आवश्यक आहे, कारण या दरीत जे काही घडले त्याचा पाया भूगोलात आहे. अजिंठ्याची डोंगररांग ही गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांमधील पाणलोटाची, म्हणजे पावसाचे पाणी दोन दिशांना विभागणारी, सीमा आहे. हे व्याख्यान होत आहे त्या, छत्रपती संभाजीनगरच्या विस्तारात आलेल्या पडेगावच्या परिसरातील पाणी खाम नदीतून गोदावरीला मिळते आणि पूर्वेकडे बंगालच्या उपसागरात जाते. तेथून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, अजिंठ्याच्या घाटमाथ्यापलीकडे पडलेला पाऊस वाघूर नदीतून उत्तरेकडे वाहतो, भुसावळच्या परिसरात तापीला मिळतो आणि शेवटी अरबी समुद्रात पोहोचतो. हा सगळा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हारसाच्या उद्रेकांतून बनलेल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरलेले असल्यामुळे नदीने ते कापताना पायऱ्यापायऱ्यांचे धबधबे तयार झाले, आणि लेण्यांच्या वरच्या अंगाला, दरी जेथे सुरू होते तेथे, पाणी सात कुंडांमधून टप्प्याटप्प्याने खाली उतरते. त्यापुढे नदी घोड्याच्या नालाच्या आकाराचे वळण घेते, आणि त्या वळणाच्या बाहेरच्या बाजूस सुमारे 75 मीटर उंचीचा उभा कडा उभा राहतो. याच कड्यात, नदीच्या पात्रापासून दहा ते तेहतीस मीटरच्या दरम्यान, वेगवेगळ्या पातळ्यांवर लेणी कोरलेली आहेत. लेण्यांजवळ या नदीचा उल्लेख बहुधा ‘वाघोरा’ असा होतो. खाली जामनेर तालुक्यात तीच वाघूर आहे, आणि जळगाव शहराचे पिण्याचे पाणी तिच्यावर बांधलेल्या धरणातून येते.

मराठी मुलखातील गाव म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे, हे त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात सविस्तर दाखवले आहे. गावाचे दोन भाग मानले जात: घरे असलेली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने आणि मातीच्या भिंतींनी पांढुरकी झालेली जमीन ती ‘पांढरी’, आणि पिके देणारी जमीन ती ‘काळी’. वाघूरच्या दरीत मात्र या दोहोंबरोबर तिसऱ्या घटकाचाही विचार करावा लागतो, तो म्हणजे पडीक डोंगरउतार, कडे आणि रान. माथ्यावर, लेणापूरच्या बाजूस, जमीन उथळ आणि मुरमाड असल्यामुळे निव्वळ काळीवर गावाचे भागणे कठीण असते आणि गुरे, शेळ्या, सरपण, मध, डिंक अशा रानाच्या उत्पन्नाला महत्त्व येते. घाट उतरून फर्दापूरच्या खाली गेल्यावर मात्र खानदेशची कापसाची काळीभोर जमीन सुरू होते. एकाच नदीच्या काठी, पायी अर्ध्या दिवसाच्या अंतरात, अशा दोन वेगळ्या अर्थव्यवस्था एकमेकींना लागून असणे हे या दरीचे वैशिष्ट्य आहे, आणि लेणी नेमकी या दोहोंच्या सांध्यावर आहेत.

हा सांधा योगायोगाचा नाही. बौद्ध भिक्षूंचा निर्वाह भिक्षेवर चालत असे आणि संघाच्या नियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकात विहारासाठी योग्य जागेचे वर्णन आले आहे ते असे की, ती गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सोयीची असावी, पण दिवसा गर्दीची आणि रात्री गोंगाटाची नसावी. वाघूरच्या दरीला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याच्या प्रथेला वर्षावास म्हणतात. त्या काळात भिक्षूंना रोजचे अन्न मिळायचे तर चालत जाऊन दुपारच्या आत परत येता येईल अशा अंतरावर, धान्य शिल्लक टाकू शकणारी घरे असलीच पाहिजेत. म्हणून दरीत विहार होता याचा अर्थ दरीजवळ गाव होते, असाच घ्यावा लागतो. ते गाव आजच्या लेणापूरच्या जागी होते की अन्यत्र, हे पुरातत्त्वाच्या उत्खननानेच ठरू शकेल; परंतु असे गाव नव्हतेच असे मानणे भिक्षुसंघाच्या जीवनपद्धतीशी विसंगत ठरते.

लेण्यांचा पहिला टप्पा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत, सातवाहनांच्या काळात कोरला गेला. क्रमांक 9 आणि 10 ही चैत्यगृहे, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनास्थाने, आणि 12, 13 व 15-अ हे विहार त्या टप्प्यातील आहेत. बाराव्या लेण्यातील शिलालेखात घनामदड नावाच्या वाण्याने दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादी याचे नाव कोरलेले आहे. राजांची नावे नसलेली ही दाने महत्त्वाची आहेत, कारण प्रतिष्ठान म्हणजे पैठणहून भोगवर्धन म्हणजे भोकरदनमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर वावरणाऱ्या माणसांचा या दरीशी संबंध होता, हे त्यांतून दिसते. व्यापारी तांडा थांबतो तेथे बैलांना चारा, माणसांना भाकरी आणि मोडलेल्या चाकाला सुतार लागतो. त्यामुळे व्यापारी वाट ही नेहमीच गावांच्या साखळीवर उभी असते.

दुसरा टप्पा इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील आहे. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने, सतरावे त्याच्या एका मांडलिक राजाने आणि सव्विसावे बुद्धभद्र या भिक्षूने करविले, हे शिलालेखांवरून कळते. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन कला-इतिहासकाराने आयुष्यभराच्या अभ्यासानंतर असे मत मांडले की या टप्प्याचे जवळजवळ सगळे काम सुमारे वीस वर्षांत झाले. इतर अभ्यासकांनी हा काळ अधिक लांब मानला आहे. स्पिंक यांचा कालक्रम मान्य केला तर एक प्रश्न अटळपणे पुढे येतो, आणि तो आजवर पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही: वीस वर्षे, एकाच वेळी अनेक लेण्यांत पाषाण फोडणाऱ्या, गिलावा करणाऱ्या आणि रंगवणाऱ्या माणसांना जेवू कोणी घातले?

लेणे कोरण्याची रीत अपूर्ण राहिलेल्या लेण्यांत जवळून पाहता येते. चोविसाव्या लेण्यात छताच्या बाजूने सुरुवात करून खाली येण्याची पद्धत स्पष्ट दिसते: आधी समांतर खोल चर खोदायचे, मधे उरलेल्या पाषाणाच्या भिंती मग फोडून काढायच्या, आणि असे थर उतरवत जमिनीपर्यंत पोहोचायचे, म्हणजे वर काम करण्यासाठी वेगळी परांची बांधावी लागत नाही. भिंतींवर छिन्नीचे तिरपे घाव आजही बोटांना लागतात. बेसाल्टसारख्या कठीण पाषाणावर लोखंडी छिन्नीची धार फार काळ टिकत नाही. ती पुनःपुन्हा तापवून, ठोकून, तिला पाणी द्यावे लागते. म्हणून कोरक्यांच्या प्रत्येक तुकडीमागे भाता चालवणारा लोहार, लोहारामागे कोळसा पाडणारा, आणि कोळशामागे रान जाणणारा माणूस उभा असला पाहिजे. शिलालेखांत यांपैकी कोणाचेही नाव नाही. दगडावरच्या घावांच्या खुणा हाच त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा आहे, आणि इतिहासकाराने तो कोरीव अक्षरांइतकाच ग्राह्य धरावयास हवा.

चित्रांच्या बाबतीत गावाचा वाटा आणखी प्रत्यक्ष आहे. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. खडबडीत पाषाणावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो सुकल्यावर डिंक किंवा सरस मिसळलेले रंग, अशी त्यांची रचना आहे. गिलाव्यात लोहयुक्त माती, वाळू, भाताचा तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आढळतात. जेथे चित्राचा पोपडा सुटला आहे तेथे तुसाचे आणि काडीचे ठसे साध्या डोळ्यांनी ओळखता येतात. रंगांपैकी तांबडी व पिवळी गेरू, पाषाणात सापडणारी हिरवी माती, काजळी आणि पांढरा रंग हे जवळपास मिळण्याजोगे होते. एकटा निळा, लाजवर्द नावाच्या मौल्यवान खड्याचा, आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानहून आणलेला होता. निळ्याच्या या दूरच्या प्रवासाविषयी प्रत्येक पुस्तकात आदराने लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण ज्या तुसाने आणि काडीने तो निळा रंग दीड हजार वर्षे भिंतीवर धरून ठेवला, तो तूस कोणाच्या तरी खळ्यावरून आला होता, याचीही नोंद तितक्याच आदराने व्हायला हवी.

आज अभ्यागत एका सलग पायवाटेने लेण्यामागून लेणे पाहत जातात, पण ही वाट आधुनिक काळातील आहे. मूळ योजनेत प्रत्येक लेण्याला स्वतःच्या पायऱ्या होत्या आणि त्या थेट नदीपात्रात उतरत. सोळाव्या लेण्याच्या खालचे प्रवेशद्वार अजून शिल्लक आहे: दोन बाजूंना दोन पाषाणी हत्ती, आत जिना, आणि जिन्याच्या वळणावर पाण्याचा रक्षक मानलेल्या नागराजाची बैठी मूर्ती. सतराव्या लेण्याच्या शिलालेखात दात्याने खोदविलेल्या टाक्याचे, त्यातील गोड, हलक्या, स्वच्छ आणि थंड पाण्याचे कौतुकाने वर्णन आले आहे. अर्थात पाण्याची काळजी विहारालाही होती, कारण वाघूर ही बारमाही भरून वाहणारी नदी नाही. पावसाळा सरला की धबधबा थांबतो आणि उन्हाळ्यात कुंडांत उरलेले पाणी हाच आधार असतो. याच पाण्याची कथा लेण्यांत रंगवलेली आहे. आंधळ्या आई-वडिलांसाठी नदीवर पाणी भरायला गेलेला श्याम राजाच्या बाणाने घायाळ होतो, ही जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा, दहाव्या आणि सतराव्या अशा दोन लेण्यांत, जवळजवळ पाच शतकांच्या अंतराने, दोनदा चितारली गेली. मराठी वाचक तिला श्रावणबाळाची कथा म्हणून ओळखतो. नदीवर घागर भरणारा मुलगा हा या दरीतील कोणत्याही पिढीला परका नव्हता.

हरिषेणाच्या मृत्यूनंतर राजाश्रय संपला, अनेक लेणी अर्धवट राहिली आणि हळूहळू विहार ओस पडले. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग याने महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील एका अंधाऱ्या दरीतील विहाराचे आणि त्याच्या दाराबाहेरच्या दगडी हत्तींचे वर्णन नोंदवले, ते बहुधा याच ठिकाणाचे असावे. त्यानंतरच्या हजार-अकराशे वर्षांविषयी बहुतेक पुस्तकांत एकच वाक्य असते: लेणी विस्मृतीत गेली. हे वाक्य तपासून पाहण्याची गरज आहे. भिक्षू गेले, परंतु डोंगरघाट आणि त्याची वाट वापरात होतीच. फर्दापूरला औरंगजेबाच्या काळातील सराई, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाची तटबंद वास्तू आहे. अजिंठा गावाला निजामाच्या अमदानीत तट बांधला गेला. डोंगरात भिल्लांच्या वस्त्या होत्या, आणि सोयगाव-जामनेरच्या पट्ट्यात तडवी भिल्ल आजही राहतात. गुरे चारणाऱ्याला, मध काढणाऱ्याला किंवा पावसात आडोसा शोधणाऱ्याला एवढ्या मोठ्या गुंफा माहीत नव्हत्या असे म्हणणे अशक्य आहे. विस्मृती झाली ती लिहिणाऱ्यांच्या जगाची, आणि त्या जगाने आपली विस्मृती दरीवर लादली.

या दरीचा स्कॉटलंडच्या दऱ्यांशी एक प्रत्यक्ष ऐतिहासिक संबंधही आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदनजवळच्या असई येथे आर्थर वेलस्लीच्या सैन्याची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली, तीत ब्रिटिश बाजूने 74वी आणि 78वी या हायलंडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून उभारलेल्या दोन पलटणी होत्या. 74व्या पलटणीची निम्म्याहून अधिक माणसे त्या एका दिवसात मारली गेली किंवा जखमी झाली. जखमींसाठी रुग्णालय थाटले गेले ते अजिंठा गावच्या तटबंदीच्या आत, लेण्यांपासून अवघ्या अकरा-बारा किलोमीटरवर. 78वी पलटण 1793 मध्ये मुख्यतः रॉस-शायरमधून भरती झाली होती. त्याच रॉस-शायरमध्ये आदल्या वर्षी, 1792 साली, जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना हटवून आणलेले मेंढ्यांचे कळप लोकांनी हाकलून देण्याचा प्रयत्न केला होता आणि तो लष्कराच्या बळावर मोडून काढला गेला होता. पुढे सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हर या नदीच्या दरीतील गावेच्या गावे उठवण्यात आली. त्यांपैकी रोसल हे गाव 1814 ते 1818 च्या दरम्यान रिकामे झाले आणि 1962 साली तेथे पुरातत्त्वीय उत्खनन करून घरांचे, गोठ्यांचे, धान्य वाळवण्याच्या भट्ट्यांचे पाये नोंदवले गेले. हायलंडमधील या हकालपट्टीला ‘क्लिअरन्सेस’ म्हणतात. त्या दऱ्यांतून माणसे गेली, पण त्यांच्या चुलीच्या दगडांपर्यंतचा इतिहास अभ्यासकांनी पुन्हा उभा केला. वाघूरच्या दरीत याच्या नेमके उलट घडले. माणसे तेथेच राहिली आणि त्यांच्या इतिहासाची मात्र कोणी नोंद ठेवली नाही.

28 एप्रिल 1819 ही तारीख अजिंठ्याच्या ‘शोधाची’ तारीख म्हणून सांगितली जाते. मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीसाठी आला असता त्याला दहावे लेणे दिसले आणि त्याने एका खांबावर, प्राचीन चित्रावरच, आपले नाव व तारीख कोरली. हे अक्षर आजही दाखवले जाते, आणि ते लेण्यांच्या हानीच्या आधुनिक इतिहासातील पहिले पान आहे, असेच म्हणावे लागेल. शिकारीला वाटाड्या लागतो. दरीच्या चढउतारांची माहिती असलेल्या स्थानिक माणसाशिवाय परका शिकारी एप्रिलच्या उन्हात या रानात फिरू शकत नाही. लोककथेत हा वाटाड्या गुराखी मुलगा आहे, आणि कथेतील तपशील खरा असो वा नसो, तिचे तात्पर्य बरोबर आहे. 1824 साली येथे आलेल्या जेम्स अलेक्झांडर याने केलेल्या वर्णनातही वाघांचा आणि भिल्लांचा उल्लेख येतो. अशा वर्णनांत भिल्ल हे बहुधा धोक्याच्या यादीत येतात. ते या रानाचे रहिवासी आहेत याची जाणीव लेखकांना होत नाही, आणि ही त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीची मोठी उणीव होती.

त्यापुढील प्रवास सुपरिचित असल्याने संक्षेपाने सांगता येईल. एअर येथे जन्मलेल्या जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश वास्तु-इतिहासकाराने 1843 मध्ये लेण्यांच्या जतनाची निकड लंडनच्या विद्वत्सभेपुढे मांडली आणि 1844 पासून रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराने अजिंठा गावी राहून चित्रांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ केला. त्यांतील बहुतेक 1866 च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांच्या साह्याने पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांचाही बराच भाग लंडनमध्येच 1885 च्या आगीत गेला. शिलालेखांच्या वाचनात गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड, पुढे भगवानलाल इंद्रजी, आणि विसाव्या शतकात वा. वि. मिराशी यांचे कार्य मूलभूत ठरले. पाहणी आणि प्रकाशन यांची शिस्त लावणारे जेम्स बर्जेस हे स्कॉटलंडच्या डम्फ्रीसशायरमधील कर्कमाहो या ग्रामीण भागातले. 1914 मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची निगा पद्धतशीरपणे सुरू झाली. 1983 मध्ये लेणी जागतिक वारसा यादीत आली.

या सर्व नावांच्या मालिकेत दरीतील गावकऱ्यांपैकी एकच नाव टिकले आहे, आणि तेही अपूर्ण. ते पारो हिचे. रॉबर्ट गिल यांच्या आयुष्यात आलेली ही स्थानिक स्त्री 1856 साली मरण पावली आणि अजिंठा गावात तिची कबर आहे; कबरीवर तिच्या नावाचा दगड गिल यांनी बसवला. तिचे घराणे, तिची भाषा, चित्रांच्या कामात तिने काय साह्य केले, यांविषयी खात्रीने सांगता येईल असे जवळजवळ काही उरलेले नाही. गिल स्वतः 1879 मध्ये भुसावळला निवर्तले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. पारोला मराठी साहित्यात जागा मिळवून दिली ती या डोंगराच्याच पायथ्याच्या माणसाने. सोयगाव तालुक्यातील पळसखेडे येथे 1942 साली जन्मलेले आणि आयुष्यभर तेथेच शेती केलेले कवी ना. धों. महानोर यांनी 1984 मध्ये ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले. महानोर यांच्या कामाची थोरवी अशी की त्यांनी या भूमीकडे लेण्यांच्या दारातून पाहिले नाही, तर शेताच्या बांधावरून पाहिले. विधान परिषदेचे सदस्य म्हणूनही ते सातत्याने शेती, पाणी आणि फळबागा यांविषयी बोलत राहिले. 3 ऑगस्ट 2023 रोजी त्यांचे निधन झाले. अभ्यासकांनी जे करावयास हवे होते त्याचा आरंभ एका कवीने करून दिला, असे म्हणण्यात कोणतीही अतिशयोक्ती नाही.

वर्तमानकाळात दरीतील गावांचे आणि लेण्यांचे नाते अधिक गुंतागुंतीचे झाले आहे. फर्दापूरच्या फाट्यावर, ज्याला सर्वजण ‘टी-पॉइंट’ म्हणतात, खासगी वाहने थांबवली जातात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर अंतर बसने जावे लागते. धुराने आणि गर्दीने चित्रांची हानी होते, म्हणून हा निर्णय योग्यच आहे. पूर्वी लेण्यांच्या पायथ्याशी असलेली दुकानेही या फाट्यावर हलवण्यात आली, आणि त्यामुळे पर्यटनावरील फर्दापूरचे अवलंबन वाढले. गारगोट्यांचे, स्फटिकांचे आणि मूर्तींचे विक्रेते, बसचे कर्मचारी, डोलीवाले, पहारेकरी, मार्गदर्शक, उपाहारगृहांतील कामगार असे अनेक रोजगार लेण्यांभोवती उभे आहेत. साथीच्या काळात 2020 मध्ये स्मारके बंद झाली तेव्हा या रोजगारांचा आधार एकाएकी तुटला. दुसरीकडे माथ्यावरच्या लेणापूरच्या वाट्याला आलेले पर्यटन बहुतेक पावसाळ्यातील दर्शनबिंदूपुरते मर्यादित आहे. लोक येतात, धबधबा पाहतात आणि परत जातात.

संरक्षित स्मारकांविषयीच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या सुधारणेनुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये ते परवानगीच्या अधीन आहे. असे निर्बंध आवश्यक आहेत, पण संरक्षणाचा विचार केवळ मनाईच्या रेषेने पूर्ण होत नाही. लेण्यांतील चित्रांचा एक मोठा शत्रू म्हणजे वरून झिरपणारे पाणी. बेसाल्टच्या भेगांमधून पावसाचे पाणी उतरते, गिलावा ओला करते आणि रंगाचा थर सुटतो. हे पाणी पडते ते कड्याच्या माथ्यावर, म्हणजे गावाच्या शिवारात आणि रानात. माथ्यावर गवत, झाडे आणि ताली टिकल्या, ओघळ योग्य दिशेने वळवले गेले, तर भिंतीवरचे चित्र टिकण्यास मदत होते. तेथील शेतकरी काय पेरतो, बांध कसा घालतो आणि गुरे कोठे चारतो याचा संबंध अशा रीतीने थेट पाचव्या शतकातील चित्राशी पोहोचतो. म्हणून लेणापूरच्या शेतकऱ्याला जतनाच्या योजनेत अडथळा मानणे चुकीचे आहे. तो त्या योजनेचा पहिला भागीदार असला पाहिजे, आणि पाणलोटाच्या कामाची मजुरी, बियाणे व तांत्रिक साह्य त्याला जतनाच्या निधीतूनच मिळाले पाहिजे.

हा विषय पडेगाव येथील व्याख्यानमालेत मांडण्याचे एक कारण आहे. दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव छत्रपती संभाजीनगरच्या विस्तारात येऊन महापालिकेचा भाग झाले आहे. येथील काळीवर वसाहती उठल्या, पांढरी ओळखता येईनाशी झाली, आणि गावचे ओढे, पांदणी, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या झाडोऱ्यातल्या वाटा, विहिरींची व वावरांची नावे यांची माहिती आता केवळ वृद्धांकडे उरली आहे. शहराजवळची गावे विस्ताराने पुसली जातात आणि स्मारकाजवळची गावे दुर्लक्षाने. दोन्ही ठिकाणी हरवते ते एकच, म्हणजे जमिनीविषयीचे पिढीजात ज्ञान.

वाघूरच्या दरीच्या बाबतीत हे ज्ञान अजून गोळा करता येण्यासारखे आहे. लेणापूर, फर्दापूर आणि अजिंठा या गावांचे जुने महसुली दप्तर, निजामकालीन उर्दू-फारसी कागद, जमाबंदीचे नकाशे, देवस्थानांच्या इनामांच्या नोंदी, तडवी भिल्लांच्या मौखिक परंपरा, आणि लेण्यांवर पहारेकरी किंवा मजूर म्हणून काम केलेल्या कुटुंबांच्या आठवणी, हे सर्व एकत्र अभ्यासले गेले पाहिजे. गावठाणाच्या जुन्या पांढरीचे मर्यादित पुरातत्त्वीय सर्वेक्षणही व्हावयास हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठापासून ही दरी सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, आणि इतिहास, पुरातत्त्व, भूगोल व मराठी या चारही विषयांचे विद्यार्थी तेथे दरवर्षी सहलीला जातात. त्यांपैकी काहींनी लेण्यांच्या फाटकापाशी न थांबता माथ्यावरच्या गावापर्यंत जावे, तेथील वृद्धांशी बोलावे आणि जे कळेल ते नाव-तारखेसह लिहून ठेवावे, अशी या व्याख्यानाच्या निमित्ताने विद्यापीठाला, तेथील शिक्षकांना आणि ग्रामपंचायतींना आग्रहाची विनंती आहे.